सतरा माणसं, सहा हजार रुपये आणि बंगळूरच्या जाऊबाई

पत्र (जागेसाठी थोडं कापलंय):

"ताई नमस्कार. आम्ही मेकोसाबागला राहतो, मी घरातली धाकटी सून. सासूबाई आमच्यासोबत असल्यामुळे नाताळला सगळे आमच्याकडेच जमतात, आम्ही धरून १७ जण, ११ मोठे आणि ६ पोट्टे. चार वर्षांआधी थोरल्या जाऊबाईंनी बंगळूरहून येताना प्रत्येकासाठी गिफ्ट आणलं, तेव्हापासून दरवर्षी सगळे सगळ्यांना देऊन राहिले. मागच्या वर्षी माझे १८,००० गेले, क्रेडिट कार्डावर, ते एप्रिलपर्यंत फेडत बसले. यंदा मिस्टरांची बुटीबोरीची कंपनी सुटली, नवीन ठिकाणी पगार कमी आहे आणि हे घरात कुणाला सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं. नाताळसाठी माझ्या हातात सगळं मिळून ६,००० आहेत. मोठी मुलगी नऊ वर्षांची, तिला सँटाकडून सायकल पाहिजे. छोटा पाच वर्षांचा आहे. मधल्या जाऊबाईंचा मुलगा आता दहावीला आहे, बाकी पोरं लहान. कमी खर्चातली, पण कमी खर्चातली वाटणार नाहीत अशी गिफ्टं सुचवा. कंजूस म्हणून नाव नको व्हायला. मिस्टर म्हणतात, तू बघ काय ते."

ताई, मेकोसाबाग म्हणजे आपल्या नागपुरात सदर भागाच्या शेजारीच, म्हणजे तुमचं पत्र सदरच्या बाजूनं सदरात आलं (हा विनोद मी वर्षातून एकदा करते, करू द्या).

तुमचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. कमी खर्चातली पण कमी खर्चातली वाटणार नाहीत अशी. अशी गिफ्टं नसतात हो. म्हणजे दुकानात भरपूर असतात, सोनेरी डब्यातला सहा कपांचा सेट, काचेचा हंस, परफ्यूमच्या तीन छोट्या बाटल्या मखमलीच्या खोक्यात, पण ती बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणत्या गल्लीत केवढ्याला मिळतात हे नागपुरात सगळ्यांना पाठ आहे, घेणारी बाई "अय्या कित्ती छान" म्हणता म्हणता मनात भाव लावून मोकळी होते आणि तो हंस पुढच्या लग्नसराईत दुसऱ्याच्या घरी जातो. त्यामुळे गिफ्टांची यादी मी देणार आहे, पण थोडी नंतर, आणि तुम्हाला वाटते तशी ती नसेल.

आणि "मग घरीच करते काहीतरी हातानं" असं मनात आलं असेल तर जरा थांबा. सहा-सात वर्षांआधी मलाही हॅन्डमेडचं भूत लागलं होतं. दिवाळीला नणंदांना आणि मैत्रिणींना द्यायला म्हणून व्हिडिओ पाहून मेणबत्त्या करायच्या ठरवल्या, इतवारीतून मेण आणलं, मग वात वेगळी, मग सिलिकॉनचे साचे, मग सुगंधाची बाटली, ती बोटभर बाटलीच साडेतीनशेची, आणि पहिल्या घाण्यात वातीभोवती हा एवढा खड्डा पडला, कारण मेण थंड होताना आकसतं आणि वरून पुन्हा थोडं ओतावं लागतं हे त्या व्हिडिओतल्या बाईनं सांगितलंच नव्हतं. १२ मेणबत्त्या झाल्या. हिशोब केला तर एक पडली २१० ला, आणि तशीच बर्डीवर दीडशेला लटकलेली होती. पुढची गंमत म्हणजे दोन वर्षांनी एका वास्तुशांतीहून आम्हाला रिटर्न गिफ्ट मिळालं, घरी येऊन उघडते तर माझीच मेणबत्ती. रिबिनसुद्धा माझीच.

१९९३ मध्ये जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञानं हाच हिशोब जरा शास्त्रशुद्ध केला होता. येल विद्यापीठातल्या पोरांना त्यानं विचारलं की नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतःच्या खिशातून किती दिले असते, आणि उत्तर आलं की देणाऱ्यानं खर्चले त्यापेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी. त्यातही मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तू बऱ्यापैकी जमलेल्या असायच्या, काका-मावश्यांच्या जास्त फसलेल्या. तिथली पोरं, तिथला हिशोब, पण तुमच्या १८ हजारांना लावून पाहा, १,८०० पासून ६,००० पर्यंत हवेत. सहा हजार म्हणजे यंदाचं तुमचं अख्खं बजेट बाप्पा.

आणि कार्डाचं तर बोलूच नका. मागे राहिलेल्या रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज असतं, कोणत्या कार्डाला थोडं कमी कोणत्याला थोडं जास्त, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. १८ हजारांवर एका महिन्याचे ६३० आणि वर ११३, झाले ७४३. बिलावर जी "मिनिमम ड्यू" रक्कम लिहिलेली असते ती भरली की मेसेज थँक्यूचा येतो म्हणून आपल्याला वाटतं झालं, पण बाकीच्यावर व्याज चालूच राहतं, आणि जुनं शिल्लक असताना त्याच कार्डावर जानेवारीचा किराणा घेतला तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, ते जे पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट म्हणतात ते मिळतच नाहीत. म्हणजे त्या सतरा पुड्यांवर तुम्ही अठरावी एक बँकेलाही दिली. यंदा कार्ड कपाटात, सासूबाईंच्या साड्यांखाली ठेवा, तिथून काढायला लाज वाटते.

आता मुद्द्यावर. गिफ्ट काय घ्यावं हा तुमचा प्रश्नच नाही, हे देणंघेणं थांबवायचं कुणी हा आहे, आणि तिकडं कुणी बोलतच नाही आहे. तुम्हाला वाटतं जाऊबाईंना फार हौस आहे, मला शंका आहे. विमानात माणशी १५ किलो सामान चालतं, त्यात स्वतःचे कपडे, पोरांचे स्वेटर आणि वरून सतरा पुडे कोंबणारी बाई मनातून वैतागलेली असते, पण तिनंच सुरू केलं म्हणून तिला थांबवता येत नाही, मधल्या जाऊबाई तुमच्याकडे पाहून राहिल्या, तुम्ही त्यांच्याकडे पाहून राहिल्या, आणि सगळे मिळून डिसेंबरात कर्जात जाऊन राहिले. आमच्याकडे भाऊबीजेच्या ओवाळणीचं असंच झालं होतं, एका भावानं पाकिटात पाचशेचे हजार केले की दुसऱ्याला झक मारत करावे लागायचे, आणि एक वर्षी सगळ्यात धाकट्यानं सरळ तोंडावर सांगितलं की मी यंदा दोनशे एक टाकणार, तर मोठा म्हणतो, बरं झालं बे तू बोलला.

म्हणून आधी मेसेज. फॅमिली ग्रुपवर नाही, तिथं टाकला की नंदोई अंगठा दाखवतात आणि विषय गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबतो. जाऊबाईंना एकट्यांना, असा काहीतरी:

"ताई, नाताळची तिकिटं झाली का? एक विचारायचं होतं. यंदा आमचा हात जरा आखडता आहे, सगळ्यांना सगळं घेणं जमणार नाही. मोठ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या का? एकानं एकालाच द्यायचं, तीनशेच्या आत. पोरांचं नेहमीसारखं. आईंना चौघांनी मिळून रजई करू. पटलं तर तुम्हीच ग्रुपवर टाका ना, तुमचं सगळे ऐकतात."

शेवटची ओळ कापू नका, मुद्दाम घातलीय. ज्यांनी सुरू केलं त्यांच्याच हातून बदलू द्या, त्यांचाही मान राहतो. "हात आखडता आहे" एवढंच पुरे, काहून ते सांगायची गरज नाही, आणि घराला रंग काढलाय, शाळेची फी भरली असली काही थापही मारू नका, सासूबाई त्याच घरात राहतात, भिंती त्यांनाही दिसतात.

समजा त्या म्हणाल्या, "अगं राहू दे, तू काही घेऊ नको, आम्ही आणतोच आहे." हे सगळ्यात अवघड उत्तर, कारण प्रेमाचं आहे. तर म्हणा, "मग ताई मला घेतानाही लाजल्यासारखं होईल, चिठ्ठ्याच टाकू." त्या समजतील. नाही समजल्या आणि आणलंच तर हसून घ्या, थँक्यू म्हणा, परतफेड करायला बर्डीला धावू नका.

मिस्टरांचं. "तू बघ काय ते" हे वाक्य मला डिसेंबरात दर दुसऱ्या पत्रात दिसतं, आणि प्रत्येक वेळी ज्यांच्याबद्दल असतं ती माणसं नवऱ्याचीच असतात, भाऊ त्याचा, बहीण त्याची, आतेसासू त्याची आत्या. नोकरीचं सांगायचं नाही हे त्यांचं म्हणणं मला कळतं, माणसाला वेळ लागतो, आणि ते कधी सांगायचं हे त्यांनीच ठरवावं. पण लपवायला दरवर्षी १८ हजार लागत असतील तर हे लपवणं फार महागात पडून राहिलं. त्यांनी एवढंच करावं, जाऊबाईंना तुमचा मेसेज गेला की त्याच रात्री भासऱ्यांना फोन करून सांगावं, "दादा, यंदा चिठ्ठ्या टाकू, मलाही बरं पडेल." दहा शब्द नाहीत. तेवढे त्यांच्याच तोंडून गेले पाहिजेत, नाहीतर उद्या घरात नाव होईल की धाकटीनं सगळं बंद पाडलं.

आता तुमच्या पत्रात जे नाही ते. १७ माणसं तुमच्याकडे जेवणार आहेत ना? जेवणाचा खर्च तुम्ही कुठंच लिहिला नाही. "सगळं मिळून सहा हजार" म्हणता, पण मटण, तांदूळ, तेल, मसाले, दोन सिलिंडर, सकाळच्या चर्चहून आल्यावरचा नाश्ता, हे तुम्ही धरतच नाही कारण ते तुमच्या घरचं म्हणून दरवर्षी गपचूप तुमच्याकडूनच होतं. सतरा जणांना चार किलो मटण तर लागतंच, भाव तुम्हाला माहीत आहे, म्हणजे निम्मे पैसे त्या एका गंजात. ताई, तुम्ही सगळ्यांत मोठं गिफ्ट आधीच देऊन राहिल्या आणि वरून प्रत्येकाला पुडाही देऊन राहिल्या.

यंदा जेवण वाटून घ्या. मटणाचे पैसे भासऱ्यांनी द्यावे, रस्सा तुम्ही करा, तुमच्या हातचाच हवा असतो सगळ्यांना. भात आणि कोशिंबीर मधल्या जाऊबाई, त्या इथेच आहेत. गोड नणंदेकडे, पोळ्या बाहेरून सांगा आणि ते पैसे चुलत दीर देईल, लग्न न झालेल्या दिरांना असं काही काम सांगितलं की उलट बरं वाटतं, नाहीतर ते दिवसभर मोबाईल घेऊन दिवाणावर पडलेले असतात. आतेसासूंना काही मागू नका. हे वाटप फोनवर बोला, "तू काय आणशील?" असं विचारू नका, "तू भात आण" असं सांगा, विचारलं की तिघीही केकच आणतात.

हे जमलं तर तुमचे सहा हजार खरोखर सहा हजार राहतात. मी असे लावले असते:

चिठ्ठ्यांचे दोन, तुमची आणि मिस्टरांची, ६००. सासूबाईंच्या रजईतला वाटा ५००. भाचे-पुतणे चार, २५० प्रमाणे १,०००. घरचे दोघं १,२००. फराळ आणि शेजारच्या ताटांचे १,८००. राहिले ९००. त्यातले ५०० भांडीवाल्या मावशींचे आहेत, त्याला हात लावायचा नाही, काटकसर करायची म्हटलं की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते हे मी फार घरांत पाहिलंय. उरलेले ४०० कॅरलवाल्या पोरांच्या पाकिटाला आणि चहाला, ती रात्री साडेअकराला गिटार घेऊन दारात उभी राहतात आणि आपल्याकडे नेमके सुट्टे नसतात.

चिठ्ठ्यांतून सासूबाईंना बाहेर ठेवा, म्हणजे दहा नावं उरतात. चिठ्ठी सासूबाईंनीच व्हिडिओ कॉलवर काढायची, स्टीलच्या डब्यातून, नवराबायको एकमेकांना निघाले तर परत टाकायची. आणि प्रत्येकानं नावाखाली एक गरज लिहायची, गरज हं, "काहीही चालेल" लिहिलं तर चिठ्ठी बाद. पायमोजे, कुकरची रिंग, चार्जरची वायर, लोणच्याची बरणी. तुम्हाला वाटेल नाताळला कुकरची रिंग? का नाही, तीनशेच्या आत नेमकी गरजेची वस्तू मिळाली तर माणूस ती वर्षभर रोज वापरतो. बायबलातलं तुम्हाला मी काय सांगणार, पण पूर्वेकडच्या त्या मागी लोकांनी, म्हणजे ज्ञानी माणसांनी, बाळ येशूला तीनच भेटी आणल्या, सोनं, ऊद आणि गंधरस, मागी स्वतः किती होते ते तर लिहिलेलंच नाही, आणि त्यांनी एकमेकांना काही दिल्याचं तर कुठंच वाचलं नाही मी.

रजईचं सांगते. सासूबाईंची जुनी रजई असेलच, कापूस दबून गोळे झालेली, तरी त्या सोडत नसतील. पिंजाऱ्याकडे द्या, तो कापूस पिंजून, थोडा नवा घालून परत भरून देतो, आणि वरची खोळ गांधीबागेतून चांगल्या कॉटनची घ्या. चार घरांचे पाचशे-पाचशे म्हणजे २,००० मध्ये नीट होतं. कापसाच्या मुलखात राहून ते पॉलिस्टरचं हरणाच्या चित्राचं ब्लँकेट काहून घ्यायचं, आणि डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की म्हातारीला त्या ब्लँकेटचा काही उपयोग नाही. फक्त २० तारखेनंतर पिंजाऱ्याकडे जाऊ नका, थंडी पडली की त्याच्याकडे रांग असते.

सायकल. दहावीतला पुतण्या आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे त्याची चौथी-पाचवीतली सायकल मधल्या जाऊबाईंच्या जिन्याखाली नक्की पडलेली आहे, तिच्यावर जुने पेपर रचलेले आहेत आणि ती काढा म्हणून त्या दोन वर्षं भावजींशी भांडून राहिल्या. मागा. सायकलवाल्याकडे ओव्हरऑइलिंगला टाका, टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेनचं काय ते बघायला सांगा, माझ्या भाचीच्या वेळी हे सगळं आठशेच्या आत झालं होतं. घंटी मात्र नवी घ्या, ट्रिंगट्रिंग मोठ्यानं वाजणारी, आणि रंग एका रविवारी मिस्टरांना द्यायला लावा, त्यांनाही बरं वाटेल. मुलगी ओळखेल का दादाची म्हणून? ओळखेल. नऊ वर्षांच्या पोरींना सँटाचं बरंचसं कळलेलं असतं, त्या आपल्याला वाईट वाटू नये म्हणून विचारत नाहीत. विचारलंच तर सांगा, दादाची आहे, बाबांनी रंगवली. उरलेल्या चारशेत छोट्याचं होईल, त्याला खोक्यापेक्षा खोक्यातलं काय मोडता येतं याच्याशी मतलब. पुतण्या-भाच्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गोष्टीची, चित्रांची पुस्तकं घ्या, २५० मध्ये दोन-तीन चांगली निघतात, फक्त आतली पानं चाळून घ्या, एकदा मी आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं पानच नव्हतं आणि पोट्टं रडून रडून.

आता फराळ, म्हणजे माझा आवडता भाग. करंज्या-चकल्यांचं मी तुम्हाला शिकवणार नाही. नानखटाई मात्र घरी करू नका, गॅस जाळायचा आणि निम्म्या करपवायच्या. मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून जवळच्या बेकरीच्या भट्टीवर न्या, ते किलोमागे मजुरी घेतात आणि तासा-दोन तासांत डबाभर करून देतात, आपल्यासमोर. जाताना पत्र्याचा मोठा डबा न्या आणि त्यावर नाव लिहा, नाताळच्या आठवड्यात तिथं सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात, एका वर्षी मी कुणाच्या तरी बिनविलायचीच्या नानखटाया घेऊन आले होते आणि परत द्यायला गेले तर माझ्या संपल्या होत्या. काजू-किसमिस, टूटीफ्रूटी इतवारीच्या किराणा ओळीतून, शनिवार-रविवार सोडून, आणि गाडी नेऊ नका, मेट्रोनं अग्रसेन चौकाला किंवा चितार ओळीला उतरून चालत जा, पार्किंग शोधण्यात जो जीव जातो त्याचा हिशोब कुणी धरत नाही.

शेजारच्यांचे दिवाळीचे डबे अजून तुमच्याकडे असतील ना? आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून ते दोन महिने ओट्याखाली पडून राहतात. तेच भरा आणि द्या, नवीन खोके घ्यायचेच नाहीत.

आणि एक गोष्ट खास, जी बंगळूरला, पुण्याला पैसे देऊनही मिळायची नाही. संत्र्याची साल. आत्ता आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, मृग बहाराची यायला फेब्रुवारी उजाडेल, म्हणजे हाच मोका. पोरांनी खाल्लेल्या संत्र्यांच्या साली दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये डब्यात साठवा, डझनभराच्या झाल्या की बसा. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते म्हणून काम सोपं आहे, आतला पांढरा भाग आणि दोरे चमच्यानं खरवडून काढा, बोटाच्या पेराएवढ्या लांब पट्ट्या कापा. पाण्यात टाकून पाच मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा ओता. असं तीनदा. पहिलं पाणी चाखून पाहा म्हणजे तीनदा काहून म्हटलं ते कळेल, कडूजहर असतं. मग जेवढं वजन सालीचं तेवढीच साखर, अर्धी वाटी पाणी, आणि मंद आचेवर ठेवा, ढवळत बसायची गरज नाही, मधून मधून हलवा. आधी पाक पातळ होतो, मग दाटतो, मग साली काचेसारख्या चमकायला लागतात आणि घरभर असा वास सुटतो की वरच्या मजल्यावरची बाई विचारायला येते. पाक आटत आला की ताटलीत एकेक पट्टी वेगळी पसरा. आणि आता घाई करायची नाही. दोन दिवस तसंच ठेवायचं, नागपूरची डिसेंबरची कोरडी हवा त्यासाठीच आहे, पंख्याची पण गरज नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी बाटल्या भरल्या होत्या, चौथ्या दिवशी आत पांढरी बुरशी, आणि एक बाटली तोवर विहिणबाईंकडे पोचलेली. बोटाला चिकटेनाशा झाल्या की दाणेदार साखरेत घोळवा आणि कॉफीच्या, जॅमच्या धुऊन उन्हात वाळवलेल्या बाटल्यांत भरा. भांड्याच्या तळाशी राहिलेला पाक फेकू नका, केकच्या पिठात घाला, रमची आठवण येणार नाही (येईल, पण कमी).

डझनभर संत्र्यांच्या सालीत माझ्या चार छोट्या बाटल्या होतात. संत्री पोरांनी खाल्लीच असती, खर्च काय तो साखरेचा आणि गॅसचा. एक-एक बाटली जाताना प्रत्येक घराच्या हातात द्या, चिठ्ठीच्या गिफ्टात धरू नका, ही वेगळी. बाटलीला रविवारच्या पुरवणीचा रंगीत कागद आणि सुतळी बास झाली. आणि बाटलीवर काय आहे ते लिहा, आमच्या नंदोईंनी पहिल्या वर्षी मुखवास समजून मूठभर तोंडात टाकली होती.

सजावटीचं एका ओळीत, दिवाळीच्या लाईटच्या माळा उतरवल्या नसतील तर राहू द्या, चांदणीचा कंदील मागच्या वर्षीचाच, आणि गव्हाणीच्या देखाव्यासाठी गहू आजच भिजवून मातीत टाका, आपण घटाला पेरतो तसेच, नाताळपर्यंत हिरवं गवत होतं आणि पोरांना पाणी घालायचं काम मिळतं.

हे सगळं मोठं वाटेल, पण आज ३ तारीख आहे, वेळ आहे. कामाचा क्रम एवढा लक्षात ठेवा की मेसेज आधी, रजई आणि सायकल त्याच आठवड्यात, साली १५ तारखेच्या आसपास, भट्टी २२ च्या आत. मेसेज मात्र उद्यावर नको. जाऊबाईंची खरेदी एकदा झाली की मग तुम्ही काहीही म्हणा, त्या "आता घेतलंच आहे ना" म्हणणार, आणि बंगळूरच्या दुकानांत सेल लागलेत, मी पाहून राहिले. पोरं झोपली की रात्री साडेनऊ-दहाला टाका, तेव्हा त्यांचीही भांडी झालेली असतात. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही तर घाबरू नका, त्या भासऱ्यांना दाखवत असतील. तेवढ्या वेळात मिस्टरांच्या हातात फोन द्या.

काय म्हणाल्या ते कळवा.